हेमराजच्या पोटाचं प्रकरण

धनसिंग अभिमन पाटलाच्या पँटची कंबर गेली अठरा वर्षं चौतीस इंच होती. नोकरीला लागला तेव्हा चौतीस, वरिष्ठ लिपिक झाला तरी चौतीस. हे तो ऑफिसात छाती ठोकून सांगायचा. पँट तेवढी दरवर्षी बोटभर खाली सरकत गेली होती, आणि तिच्या वर जे साठलं होतं त्याला तो पोट म्हणत नसे, 'बांधा' म्हणत असे. नाल्याकाठचं अतिक्रमण सगळ्या गावाला दिसतं, फक्त सरकारी नकाशात नसतं, त्यातलाच हा प्रकार.

अशा माणसाच्या पोराच्या पोटावर सरकारनं हरकत घेतली, तेव्हा त्याला काय वाटलं असेल ते समजून घ्या.

साल एक्याण्णव, महिना जुलै. हेमराजला दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले आणि जळगावच्या तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला नंबर लागला. धुळ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात पेढे वाटले गेले. पोरगं खरोखर यंत्रातलं होतं. शेजाऱ्यांचे मिक्सर, गिरणीची मोटर, काहीही उघडायचं आणि परत बंदही करायचं. पण धनसिंगचा आनंद वेगळा होता. अठरा वर्षं तो आपल्याहून लहान पोरांच्या टेबलावर फायली ठेवून 'साहेब, सही' म्हणत उभा राहिला होता. ती पोरं डिप्लोमावाली होती. आता आपल्या घरातलं एक पोर खुर्चीत बसणार होतं आणि दुसरा कोणीतरी धनसिंग त्याच्यापुढे उभा राहणार होता. हा विचार काही फार थोर नव्हता, हे धनसिंगलाही कळत होतं. पण गोड लागत होता.

प्रवेशाच्या कागदांत शेवटी एक ओळ होती: 'शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचा शारीरिक सक्षमतेचा दाखला.' हा दाखला कसा मिळतो ते अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डॉक्टर मान वर न करता विचारतो, "काही त्रास नाही ना?" आपण म्हणतो, "नाही." शिक्का. आंधळ्याला चष्म्याशिवाय उत्तम दिसतं असं लिहून देणारे महाभाग आपल्याकडे आहेत. धनसिंगचं नशीब असं, की त्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात नवीन बोरसे मॅडम आल्या होत्या आणि त्यांना अजून न तपासता सही करायची सवय लागली नव्हती.

"शर्ट वर कर," मॅडम म्हणाल्या आणि टेप लावली. "एकोणचाळीस."

"छत्तीस, मॅडम," धनसिंग म्हणाला. "पँट छत्तीसची आहे."

"पँट कुठे आहे ते दिसतंय मला. मी बेंबीवर मोजतेय."

धनसिंगनं नकळत स्वतःचा शर्ट खाली ओढला.

मग हेमराजच्या दंडाला पट्टा गुंडाळला. धनसिंग पोराच्या डोक्यावर झुकून उभा. "ताठ बस. हात ढिला सोड. ढिला म्हटलं ना! इकडेतिकडे बघू नको. मॅडम, दहावीला अठ्ठ्याहत्तर टक्के आहेत याला, गणितात तर शहाण्णव."

मॅडमनी पारा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. "एकशे बावन्न. खालचं अठ्ठ्याण्णव."

"कितीपैकी?" धनसिंगनं विचारलं.

मॅडमनी आकडा कागदावर लिहिला. मग त्यांनी हेमराजला विचारलं, "दिवसभर काय करतोस?"

हेमराजनं बापाकडे बघितलं. बापानं दहावीच्या वर्षाचं वेळापत्रक सांगितलं. सकाळी क्लास, मग शाळा, मग दुसरा क्लास, जायला-यायला लुना, घरी आल्यावर अभ्यास, जेवताना टीव्ही. "वेळ वाया म्हणून कुठे जात नाही, मॅडम."

"खेळतो कधी?"

"दहावी होती ना."

"दहावी एक वर्ष असते."

"आमच्याकडे आठवीपासून होती," धनसिंग अभिमानानं म्हणाला.

हे खोटं नव्हतं. आठवीत त्यानं पोराची बॅट माळ्यावर टाकली ती टाकलीच. शाळेत पीटीचा तास होता, पण त्या तासाला गणिताचे सर यायचे आणि पालक त्या सरांचा सत्कार करायचे. हेमराजचं अंग खुर्चीत बसून बसून खुर्चीच्या आकाराचं झालं, तेव्हा सगळं गाव म्हणालं, पोराची तब्येत झाली! आपल्याकडे 'तब्येत झाली' म्हणजे काय झालं, ते कोणी विचारत नाही.

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. "आज सही करणार नाही. सतरा तारखेला परत आणा, पुन्हा मोजू." जळगावला कागद देण्याची शेवटची तारीख अठरा होती. धनसिंगनं विनवण्या केल्या, स्वतःचं पद सांगितलं, मॅडमच्या गावचे दोन-तीन पाटील ओळखीचे आहेत असं सुचवलं. मॅडमनी शांतपणे चार गोष्टी सांगितल्या: मीठ कमी, तळलेलं बंद, फळं द्या, आणि रोज तासभर खेळू द्या.

धनसिंगनं चारही लिहून घेतल्या. चौथीवर पेन अडलं. 'खेळ' हा शब्द त्याच्या हाताला वळेना. त्यानं लिहिलं, 'व्यायाम, वडिलांच्या देखरेखीखाली.'

घरी येऊन त्यानं याचं रीतसर परिपत्रक काढलं आणि स्वयंपाकघरात चिकटवलं. 'विषय: चि. हेमराज याच्या पोटाबाबत.' खाली सही, तारीख. त्याच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, ते चष्मा लावून वाचलं आणि पदर खोचला. "सोळा वर्षांच्या पोराला प्रेशर? ते म्हाताऱ्या माणसांना होतं. त्या बाईची मशीन खराब असंल."

दुपारपर्यंत बातमी आळीत पसरली. समोरच्या इंदिराबाई हळद-कुंकवाला आल्यासारख्या आल्या आणि हेमराजचा गाल ओढून म्हणाल्या, "वाळली हो तब्येत पोराची!" पोराला परिपत्रक लागू होऊन तेव्हा तीन तास झाले होते. मागच्या घरातले नथ्थू आबा, मूळचे सोनगीरचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त, ओट्यावर बसून म्हणाले, "धनसिंग, येडा व्हई ग्या का तू? मना बापले साठ वरीस पोट व्हतं. त्यानी कधी दवाखाना दखा नही."

"मग गेले कशानं, आबा?"

"जेवता जेवता गया एक दिन. पन सुखमा गया!"



रोज संध्याकाळी प्रेशर मोजायला त्यानं गल्लीतल्या लोटन कंपाउंडरला बोलावलं. पहिल्या दिवशी एकशे बावन्न. दुसऱ्या दिवशी एकशे चोपन्न. चौथ्या दिवशी एकशे छप्पन. धनसिंग पाऱ्याच्या नळीला नाक लावून उभा राहायचा आणि आकडा दिसला की पोरावर ओरडायचा, जणू काही पारा हेमराजनं मुद्दाम फुंकून वर चढवला होता. लोटन बिचारा घाम पुसत म्हणायचा, "भाऊ, जरा लांब उभे ऱ्हा. माझाच हात कापतो."

मीठ बंद, तेल बंद, आणि आकडा वर? अठरा वर्षं इतरांच्या बिलांत खोड काढणाऱ्या माणसाला हे सहन होईना. पाचव्या दिवशी तो जेवणाच्या वेळी अचानक तपासणीला स्वयंपाकघरात शिरला. हेमराजच्या ताटात मधोमध अळणी वरण होतं, पांढरं, केविलवाणं. आणि त्याच्याभोवती उडदाचे दोन पापड, ज्वारीचं बिबडं, कैरीचं लोणचं, मिरचीचा ठेचा आणि मूठभर शेव.

"हे काय?"

"तोंडी लावणं," सुगंधाबाई म्हणाली.

"मीठ बंद सांगितलं होतं ना?"

"बंदच आहे. चिमूट नाही घातली. वाचा की तुमचाच कागद, काय लिहिलंय? 'जेवणात मीठ नको.' जेवणात कुठे आहे? पोराच्या घशाखाली अळणी वरण उतरंना, म्हणून तोंडी लावणं जरा वाढवलं."

"अगं, पण तळण?"

"तळलेलं जेवायला कुठे देते मी? तोंडी लावायला देते."

धनसिंगनं भिंतीवरचा कागद पुन्हा वाचला. बाईचं बरोबर होतं. तोंडी लावणं म्हणजे आपल्याकडे कोणी जेवण धरतच नाही. चार पापड आणि वाटीभर शेव खाल्लेला माणूस शपथेवर सांगतो की मी आज काही जेवलो नाही. मसुद्यातली पळवाट बायकोनं शोधली होती, आणि मसुदा होता खात्यातल्या सर्वांत जुन्या लिपिकाचा. त्यानं निमूट शुद्धिपत्रक काढलं: 'जेवण या शब्दात तोंडी लावणे समाविष्ट समजावे.'

मग फळांनी घोळ घातला. सुगंधाबाईचा पुना नावाचा भाऊ रावेरला असायचा, केळीच्या पट्ट्यात. भाच्याला डॉक्टरनी फळं सांगितली असं कळताच त्यानं धुळ्याकडे येणाऱ्या ट्रकमध्ये सात घड टाकून दिले. निरोप होता, 'कमी पडलं तर सांगा.' सात घड एकदम पिकले. इंदिराबाईंना दिले, नथ्थू आबांना दिले, लोटनला दिले, ऑफिसात नेले, शेवटी लोक धनसिंगला बघून दारं लावू लागले. उरलेली केळी कर्तव्य म्हणून हेमराजनं खाल्ली, दिवसाला दीड डझन. वाया घालवायची नाहीत, हा त्या घराचा एकमेव धर्म होता.

व्यायाम पहाटे सुरू झाला. हेमराज पुढे पळायचा आणि धनसिंग मागे लुनावर. बापानं चालावं असं परिपत्रकात कुठेच नव्हतं, फक्त देखरेख होती. "पाय उचल! श्वास नाकानं घे! नववीच्या पुस्तकात आहे ते, विसरलास?" दुसऱ्याच दिवशी देवपुरातल्या एका दूधवाल्यानं सायकल आडवी घातली. "काय झालं, भाऊ? पोरगं काही उचलून पळतंय का?" त्याच वेळी क्लासला निघालेल्या तीन मुली कोपऱ्यावर थांबल्या आणि हसू दाबायला लागल्या. हेमराजचे कान लाल झाले. तो बापासमोर काही बोलतच नसे. धनसिंग याला संस्कार समजायचा.

रविवारी नथ्थू आबांनी तोडगा काढला. "सोनगीरना किल्ला चढ. बठ्ठी चरबी तठेच झडी जाई." धनसिंग पोराला घेऊन एसटीनं सोनगीरला गेला. किल्ल्यावर लुना जात नाही, ही गोष्ट त्याच्या लक्षात पायथ्याशी आली. पण माघार घेणं अंगात नव्हतं, म्हणजे अंगात ती सोडून बाकी सगळं होतं. तो पुढे झाला. "माझ्या मागे ये. बघ, कसं चढायचं असतं."

अर्ध्या वाटेवर त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो एका दगडावर बसला आणि जणू मोक्याची जागा निवडल्यासारखा इकडेतिकडे बघू लागला. घसा कोरडा पडला होता. "वॉटर बॅग भरून आण खालून," तो म्हणाला. "पाच मिनिटांत. घड्याळ लावून बसलोय मी."

हेमराज खाली गेला. पाच मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. दोन शेळ्या येऊन धनसिंगला निरखून गेल्या. शेवटी त्यानं उठून खाली पाहिलं. पायथ्याच्या मोकळ्या जागेत गावातली दहा-बारा पोरं क्रिकेट खेळत होती आणि त्यांच्यात एक जाडं पोरगं हातात फळी घेऊन धावत होतं. धावत होतं म्हणजे खरंच धावत होतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, ओरडत, हसत, पडत, पुन्हा उठत. बोलरच्या टोकाला स्टंप म्हणून वॉटर बॅग उभी होती.

धनसिंगनं 'हेमराज!' अशी हाक मारायला तोंड उघडलं. हाक निघाली नाही. दम शिल्लक नव्हता. देवानं योग्य वेळी त्याचा दम काढून घेतला, नाहीतर त्यानं तेही बंद पाडलं असतं. मग तो तसाच उभा राहून बघत राहिला. हा आवाज आपण कधी ऐकला होता, ते त्याला आठवेना. सातवीत असेल. त्या जाड्या पोरानं एक चेंडू असा उंच हाणला की किल्ल्याच्या अर्ध्यापर्यंत आल्यासारखा वाटला. धनसिंगचे हात टाळीसाठी उठले आणि मग आजूबाजूला कोणी बघत नाही ना म्हणून त्यानं पाहिलं. शेळ्या बघत होत्या. त्यानं हात खिशात घातले.

तरीही परतीच्या एसटीत बसल्यापासून त्यानं पोराला पुरा दीड तास झापलं, म्हणजे गाडी धुळ्यात पोचूनही पाऊण तास. स्वभावाला औषध नसतं, आणि असतं तर त्याचंही त्यानं परिपत्रक काढलं असतं. त्या संध्याकाळी लोटनच्या पाऱ्यानं एकशे साठ दाखवले. पुढचे चार दिवस हेमराज जेवेना नीट, झोपेना नीट. एकदा आईला म्हणाला, "आई, नाही मिळाला दाखला तर बाबा काय करतील?" सुगंधाबाईनं हे धनसिंगला जसंच्या तसं सांगितलं. धनसिंग म्हणाला, "मी काय करणार? मी काय राक्षस आहे का?" पण हे त्यानं इतक्या मोठ्यानं विचारलं, की समोरच्या इंदिराबाईंनी खिडकी लावून घेतली.

सतरा तारीख आली. दवाखान्यात मॅडमनी पट्टा गुंडाळला. हेमराज पांढराफटक. धनसिंग जागेवर.

"हात ढिला सोड. काल काय खाल्लंस ते मॅडमना सांग. खरं सांग. आज दाखला नाही मिळाला तर उद्या मुदत संपते, माहीत आहे ना? माहीत आहे ना?"

"एकशे पन्नास. खालचं शहाण्णव," मॅडम म्हणाल्या. हेमराजनं डोळे मिटले. धनसिंगच्या डोळ्यांपुढून ती खुर्ची, ते टेबल, तो दुसरा धनसिंग, सगळं एका रांगेनं निघून गेलं.

मॅडम जरा थांबल्या. मग केसपेपर पुढे करून म्हणाल्या, "पाटील, चार नंबरच्या खिडकीवरून याच्यावर शिक्का आणा बरं."

चार नंबरची खिडकी बंद होती. तीन नंबरवाला म्हणाला, असा शिक्का नसतोच. दोन नंबरवाला म्हणाला, असतो, पण तो माणूस चहाला गेलाय. धनसिंग स्वतः अठरा वर्षं लोकांना अशाच खिडक्यांवर पाठवत आला होता, त्यामुळे आपल्याला फिरवलं जातंय हे त्याला कळायला वीस मिनिटं लागायला नको होती. पण लागली. संतापानं तो परत आला, आणि तपासणीच्या खोलीच्या पडद्यापाशी थबकला.

आतून हसण्याचा आवाज येत होता. "...आणि मॅडम, स्टंप म्हणून काय ठेवलं होतं? बाबांची वॉटर बॅग!" मॅडमही हसत होत्या. मग हवा सोडल्याचा सूं आवाज आला. "एकशे चोवीस. खालचं अठ्ठ्याहत्तर. दहा मिनिटांपूर्वीही जवळपास हेच."

"झालं ना!" धनसिंग पडदा फाडल्यासारखा आत घुसला. "मी म्हणालोच होतो! बघितलंस? आता नीट बस, हलू नको, मॅडम, लिहून घ्या लगेच..."

"थांबा," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा पट्टा फुगवला. नर्स मान लांब करून पाहू लागली. "एकशे अठ्ठेचाळीस. पाटील, बाहेर जा."

"का?"

"जा तर."

तो गेला. पाच-सहा मिनिटांनी आवाज आला, "एकशे सव्वीस. या आत." तो आला. "एकशे बेचाळीस. जा बाहेर." दारातल्या रांगेतले पेशंट आता आपापले आजार विसरून हा खेळ बघत होते. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बापले बाहेर धाडं का पोरगा बरा व्हस, दख!"

मॅडम पडद्यापाशी आल्या आणि हलक्या आवाजात बोलल्या, तरी तो ऐकत होता, कदाचित पहिल्यांदाच. "याला गोळी लिहून देण्यासारखं काही नाही. जे चढतंय ते तुम्ही जवळ आलात की चढतंय. पोट मात्र त्याचंच आहे, ते काही तुमच्यामुळे एका दिवसात आलं नाही आणि एका दिवसात जाणारही नाही. वर्षभर रोज खेळला तर उतरेल. नाही खेळला आणि जळगावलाही शेव खात बसला, तर हे आकडे तुमच्याशिवायही चढतील, आणि मग ते खरे असतील. कळलं?"

"कळलं," धनसिंग म्हणाला.

"या, आत बसा. सही करते."

धनसिंग दारातल्या बाकावरून उठला नाही. "नको मॅडम. आधी सही होऊ द्या. मी इथेच बरा." आतून हेमराज खुदकन हसला, आणि बाप आहे शेवटी, धनसिंगला राहवलं नाही. "शिक्का स्पष्ट मारा हं, मॅडम! शाई फिकट असली तर घेत नाहीत. आणि हेमराज, तारीख तपास! वेलांटी तपास!"

"पाटील!" आतून मॅडम ओरडल्या. "चढतंय! अजून लांब!"

रांग हसली. धनसिंग उठला. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरला, सायकल स्टँड ओलांडला, आणि थेट दवाखान्याच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. तिथून ते दार दिसत होतं, पण तिथून ओरडलेलं आत पोचलं नसतं. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. जळगाव धुळ्यापासून नव्वद किलोमीटर. पोराला तिथलं पाणी मानवेल की नाही याची त्याला महिनाभर काळजी होती. अंतर मात्र मानवेल, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.